दमा नाई म्हटलं

१० नोव्हेंबर, रविवार
दिव्यानीला पुन्हा कळ आली. ऑगस्टपासूनची पाचवी. स्वयंपाक करता करता पोट धरून खालीच बसली, भाजी करपली. पित्ताशयात खडे आहेत. तेव्हाच निघाले असते, पण नागपूरवाल्यांनी परत पाठवलं — दमा आहे, छाती वाजते, आधी ती मोकळी करून या. राइस मिलच्या कोंड्यानं लागलेला दमा. मिल सोडून तीन वर्षं झाली, दमा सुटत नाही.
परवा चंद्रपूरला दुर्बिणीचं ऑपरेशन. मी रेल्वे स्टेशनातल्या कामावरून पाच दिवसांची रजा घेतली.

११ नोव्हेंबर, सोमवार. चंद्रपूर
भरती केलं. भुलीच्या डॉक्टरबाई कागद घेऊन विचारत होत्या. बीपी? शुगर? दमा?
दिव्यानीनं तोंड उघडलं. त्याआधी मीच बोललो — "नाई."
बाईंनी छाती तपासली. आज नेमकी साफ होती.
बाहेर आल्यावर दिव्यानी म्हणाली, "काऊन खोटं बोल्ले?"
"पुन्हा वापस पाठवतीन. तुले तशी लोळताना मले नाई पाहवत आता."
तिच्या पिशवीतला दम्याचा पंप मी काढून माझ्या खिशात ठेवला. कोणाला दिसू नये म्हणून.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
नऊला आत नेलं. दीड तासाचं काम म्हणाले होते. साडेअकरा झाले. बारा. एक नर्स धावत गेली, धावत आली, माझ्याकडे पाहिलं नाही. आमच्याकडे गाडी कुठं अडकली ते एका फोनवर कळते. इथं नुसतं बंद दार.

एक वाजता सर्जन बाहेर आले. "खडे निघाले. पण पोट फुगवायला जो गॅस भरतो, तो कातडीखाली शिरला, गळ्यापर्यंत चढला. रक्तातही वाढला. श्वासावाटे बाहेर पडायला पाहिजे, तर त्यांची छातीच आकसली. सध्या मशीनवर ठेवलं आहे."
छाती आकसली. त्यानंतरचं मला ऐकू आलं नाही.

पाहायला सोडलं. चेहरा सुजून दुसऱ्याच बाईचा. डोळ्यांच्या नुसत्या फटी. गळ्याला बोट लावलं तर कातडीखाली कुरकुर झाली. हात मागे घेतला.
तिथंच सांगायला पाहिजे होतं. डॉक्टरबाई दोन हातांवर उभ्या होत्या. नाही सांगितलं.

संध्याकाळी सासरे आले, मुखरू मामाजी. "काऊन झालं असं, जवाई?"
"गॅसनं झालं म्हन्ते."
एवढंच बोललो. खोटं नव्हतं.

१३ नोव्हेंबर
अजून मशीन. सूज उतरली म्हणतात, मला दिसत नाही. जिना चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. चहा घेतला, तसाच ठेवला. मामाजी एका जागी बसून आहेत. त्यांच्यासमोर बसवत नाही.

दुपारी गेलो डॉक्टरबाईंकडे. पंप टेबलावर ठेवला. म्हटलं, "बाई, तिले दमा हाये. मी खोटं बोललो."
चोवीस तास उशिरा! वाटलं, हाकलून देतील. त्यांनी पंप उचलून पाहिला. "बरं झालं सांगितलंत," म्हणाल्या आणि पेशंट पाहायला गेल्या. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
मग मामाजींनाही सांगितलं. ते उठून खिडकीकडे गेले.

१४ नोव्हेंबर
सकाळी नळी काढली. स्वतःचा श्वास घेते आहे. बोलायला अजून मनाई.

१५ नोव्हेंबर
आज बोलली. आवाज घोगरा. मी म्हटलं, दिव्यानी, माझ्यामुळं झालं हे सगळं. तिनं नाही अशी मान हलवली. "टेबलावर झोपवलं तवाच मी बाईले सांगतलं, दमा हाये म्हनून. मंग त्याहीनं वाफ देल्ली, सारी तयारी ठेवली. मीच म्हटलं — आमच्या घरच्यायले सांगू नका, लय भेले हायेत ते."