भाकरी काढ अंगातली

३ डिसेंबर, बुध. कमलनगर
आज अंजली मैदानावर दुसऱ्याच फेरीत खाली बसली. पोलीस भरतीची धाव महिन्यावर आलीय. मी पुढे होतो. पन्नाशीकडे झुकलेला बाप पुढे, विशीतली पोर मागे. किंचित अभिमान वाटला. वाटला, म्हणून लिहून ठेवतो.
दोघांचं खाणं एकच. भाकरी, भात बंद. अंडी, पनीर, शेंगदाणे, पालेभाजी. माझी साखर उतरली. कॉलेजात पट्ट्याचं नवं भोक दाखवत हिंडलो.

७ डिसें., रवि
सुमननं चहा गाळता गाळता सांगितलं, "पोरीची पाळी येईना झालीय. गणपतीपासनं."
मला कामून न्हाई सांगितलं?
"तुमाला कोण सांगावं? भाकरीचं नाव काढलं की व्याख्यान द्यायलाव."
बायकोशीही मी वर्गातल्यासारखाच...

१० डिसें., बुध. बीदर
तिघं डॉक्टरीणबाईंकडे. व्यायामानं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, वाढतं, वाढायलाच हवं. विश्रांतीनंतर उतरतं. पण भाकरी-भात तोडून जोरात पळत राहिलं तर ते काहींत जास्त चढतं. त्यात एकूण खाणंच कमी पडलं की शरीर आधी पाळीसारखी कामं थांबवतं. भाकरी तोडल्यामुळेच का? बाई म्हणाल्या, तपासण्या येऊ द्या. तोवर पोटभर खाऊ द्या, पळणं कमी.
"मग मला कसं मानवलं?" मी विचारलं.
"तुमच्यात साखर जास्त होती. हिच्यात काय जास्त होतं?"
जीवशास्त्र शिकवतो मी. फाईल उचलून बाहेर आलो.

१४ डिसें., रवि
अंजलीच्या ताटात अर्धी भाकरी ठेवली. तिनं उचलून टोपल्यात टाकली. "अंग जड पडतंय, अप्पा. भरती झाली की खाते."
पाळीचं काय?
"धाव चुकली तर पाळी घेऊन काय करू?"
भाकरी म्हणजे आळस, हे तिच्या डोक्यात कुणी घातलं? मैदानावर मीच ओरडायचो, "भाकरी काढ अंगातली!" सगळे हसायचे. तीही.

१९ डिसें., शुक्र. येळवस
वेळा अमावास्येची पूजा नि जेवण शेतातच, म्हणून संतपूरला मेहुण्याच्या शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, आत पाच दगड पांडव म्हणून पुजलेले. मिसळभाज्यांची भज्जी, पिठाचे उकडलेले उंडे, मडक्यात ज्वारीची आंबील. मी सवयीनं पनीर-शेंगदाण्यांचा घरचा डबा काढला.
मेहुणा म्हणाला, "दाजी, येळवशीला डबा आणलाव? शेत रुसल की ओ!"
सगळे हसले. मी वळून पाहिलं. अंजलीही डबा उघडून बसली होती, अगदी माझ्यासारखीच मांडी घालून.
सुमननं आंबिलीच्या दोन वाट्या आमच्यापुढं ठेवल्या.
"आदी तुमी," अंजली म्हणाली.
प्यालो. आंबट, गार. साखर चढेल, चढू दे.
तिनं वाटी दोन्ही हातांनी उचलली. ओठाला लावली. तिथूनच विचारलं, "उद्या पळायचं का, अप्पा?"
मी माझी रिकामी वाटी खाली ठेवली. ती माझ्याकडं बघत होती. वाटी अजून भरलेलीच होती.