पिमच्या नावाची मोकळी जागा

१४ सप्टेंबर १९९६, शनिवार

माझ्या चित्रावर रीसची सही मिळाली! चार झाल्या!

गावच्या हॉलमध्ये आज दहा म्हातारे एका रांगेत बसले होते. ब्लेझर, छातीवर पदकं, पुढ्यात चहा आणि सँडविचेस. विशी-बाविशीतली पोरं होती ही तेव्हा. रात्री विमानातून जर्मनीवर बाँब टाकायला जायची, सकाळी नाश्त्याला किती जण परत येतील याचा नेम नसायचा. आणि आज म्हणतात, "साखर जरा इकडे सरकवा हो!" मी सत्तेचाळीस वर्षांची बाई. पोस्टाच्या खिडकीत बसून दिवसभर लोकांना दटावते. पण यांच्यापुढे उभी राहिले की माझी शाळकरी पोर होते. दर वेळी होते.

माझ्या पुढच्या माणसानं सहीसाठी बॉलपेन काढून दिलं. बॉलपेन! "अहो, ठेवा ते खिशात!" मी ओरडलेच. चित्राखालच्या पांढऱ्या पट्टीवर फक्त शिसपेन्सिल चालते. शाईची सही म्हणजे चित्राची माती. रीस हसायला लागले. वेल्सकडचे आहेत, बोलणं गाण्यासारखं. चित्रातल्या विमानात बिनतारी यंत्रावर असायचे. "आमचा सार्जंट बरा होता गं पोरी तुझ्यापेक्षा!" म्हणाले, आणि माझ्याच पेन्सिलीनं सही केली.

चित्राचं नाव 'पहाटेची वाट'. पाचशे छापील प्रतींमधली माझी दोनशे बारावी. लँकेस्टर विमान, डावा पंख पेटलेला, खाली हॉलंडचे कालवे. १९४४ साली आमच्याच गावच्या धावपट्टीवरून उडालं होतं. आत सात जण. पाच जण उडी मारून वाचले. वैमानिक होलरॉइड आणि शेपटीकडच्या मशीनगनवरचा रेजी पिम गेले. त्यांच्या नावांची जागा पट्टीवर मोकळी ठेवायची असते. तिथे कुणी पेन्सिल टेकवत नाही, हा आम्हा सह्या जमवणाऱ्यांचा नियम. वाचलेल्यांपैकी एकट्या सिरिल डॅनटची सही मिळायची राहिलीय. तो कुठल्याच समारंभाला येत नाही, पत्राला उत्तर देत नाही. बाकीच्यांच्या सह्या पुष्कळांकडे आहेत. डॅनटची कुणाकडेच नाही!

आईला दाखवायला गेले. "कागद आणि पेन्सिल," एवढंच म्हणाली आणि बटाटे सोलत राहिली. चित्राकडे बघितलंसुद्धा नाही. लढाईत ती याच विमानतळावर पॅराशूट घडी करण्याच्या खात्यात होती! माझ्या बाकीच्या चित्रांवरची निदान धूळ तरी पुसते. हे समोर आलं की हिला ओट्याशी काहीतरी काम निघतं.

१७ सप्टेंबर

डॅनटना तिसरं पत्र. या खेपेला लाज सोडली आणि आईचं नाव घातलं. मेव्हिस ऑडलिंग, पॅराशूट खातं, हीच धावपट्टी. बघू, विरघळतात का.

२५ सप्टेंबर

उत्तर आलं!! पोस्टातच फोडलं, खिडकीसमोर रांग तशीच उभी.

चार ओळी. "सही देईन. पण आईला बरोबर आणा. उडी मारून जिवंत खाली आलं, की ज्या मुलीनं पॅराशूट घडी केलं तिला जाऊन थँक्यू म्हणायचं, अशी आमची रीत. मी उतरलो तो थेट जर्मनांच्या कैदेत. परत आलो तेव्हा तळ बंद झालेला. माझं राहून गेलंय. माझं कुणी घडी केलं ते ठाऊक नाही, पण त्या खात्यातली एक तरी भेटू दे."

खिडकी लावून घेतली. धावत घरी.

आई म्हणाली, "मी येणार नाही."

२६ सप्टेंबर

नाही म्हणजे नाही. कारण विचारलं तर ताटं आपटते.

२९ सप्टेंबर, रविवार

चर्चहून आल्यावर मी पुन्हा विषय काढला. जरा चिडूनच. "एक म्हातारा माणूस तुला थँक्यू म्हणायला बोलावतोय, त्यात तुझं काय जातं?"

ती खुर्चीत बसली. हॅट काढायचीही राहिली.

म्हणाली, "पिमचं पॅराशूट मी घडी केलं होतं."

मग हळूहळू सांगितलं. लांबलचक टेबलं, रेशीम, थंडीनं बधिर झालेली बोटं. दोऱ्या ओळीनं बसवायच्या, एक चुकली तर माणूस संपला. संध्याकाळी पोरं काउंटरवर पॅराशूट न्यायला यायची, आणि सगळ्या मुली एकच थट्टा करायच्या. ती आईनंही केली. पिम एकोणीस वर्षांचा, कान बाहेर आलेले, दिसला की हिला हसू यायचं. त्याच्या हातात पॅराशूट देत म्हणाली, "उघडलं नाही तर परत आण हं, बदलून देईन!" तोही हसला.

विमान आलं नाही. दोन दिवसांनी अधिकाऱ्यानं तिचं घडी केल्याचं कार्ड मागून नेलं. का, ते सांगितलं नाही. मग बराकीत कुजबुज उठली, एकाचं उघडलंच नाही म्हणे. कुणाचं, हे कुणी तिच्या तोंडावर बोललं नाही. बोलणं बंद झालं तेवढं.

"बावन्न वर्षं मी मनातल्या मनात त्याची घडी उलगडून बघतेय हेस्टर. कुठे चुकले ते सापडत नाही."

तिची हॅट मीच काढून घेतली. मी मेली तिच्या डोळ्यांपुढे तेच चित्र नाचवत होते! म्हटलं, "राहू दे. मला सही नको." आणि देवाशपथ, खरंच नको वाटली.

"नको कशी?" आई म्हणाली. "जायचं. त्याला विचारते. काय असेल ते एकदा ऐकून घेते."

६ ऑक्टोबर, रविवार

आजचं सगळं लिहून ठेवायलाच हवं.

लाउथ गावात डॅनटचा छोटा बंगला. दार त्यांनीच उघडलं. पायात सपाता, अंगात गुंड्या तुटलेला स्वेटर. मी वर्षानुवर्षं ज्या नावाच्या मागे होते तो माणूस! मी चित्र छातीशी धरून उभी. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. आईला पाहून ताठ उभे राहिले, जसे तळावर राहत असतील तसे.

"थँक्यू, मिसेस ऑडलिंग. जरा उशीर झाला."

आईनं कोटसुद्धा काढला नाही. दारातच विचारलं, "रेजी पिमचं पॅराशूट मी घडी केलं होतं. ते उघडलं का?"

दार उघडायला येताना आणलेली चहाची किटली त्यांच्या हातात तशीच होती. ती त्यांनी खाली ठेवली. आईकडे बघत राहिले.

"पिमनं उडी मारलीच नाही," ते म्हणाले. "मागचं दार गोळ्यांनी वाकलं, तो आत अडकला. होलरॉइडला आम्ही म्हटलं, चल. तो म्हणाला, पोराला एकटं टाकून जाणार नाही. तुमचं पॅराशूट खुंटीवर होतं तसं होतं. घडीसुद्धा मोडली नव्हती. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

आई तिथेच जमिनीवर बसली. दारातल्या पायपुसण्यावर. मी धावले तर तिनं हात वर करून थांबवलं. रडत नव्हती. नुसती मोठमोठ्यानं श्वास घेत होती. डॅनट गुडघा धरत धरत तिच्याशेजारी खाली बसले. आणि दोघं तशीच बसून राहिली! शेवटी चहा मी केला.

मग सही. पेन्सिल घट्ट दाबून, एकेक अक्षर. पाचवी. ते आईला म्हणाले, "आता तुम्ही."

"मी कशाला? मी काय उडाले होते?"

"तुम्हा मुलींशिवाय मी उतरलो असतो का?"

आईनं पर्समधून बॉलपेन काढलं आणि मला काही कळायच्या आत पिमच्या मोकळ्या जागेत सही ठोकली. निळी! आम्हा जमवणाऱ्यांत याला चित्र बाद झालं म्हणतात. म्हणोत बापडे. असलं देखणं चित्र मी जन्मात पाहिलेलं नाही.

येताना गाडीत आई पूर्ण रस्ताभर झोपली. तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी.

९ ऑक्टोबर

चित्र स्वयंपाकघरात टांगलं. खिळा आईनंच ठोकला. रोज सकाळी त्याला "काय रे पोरा?" म्हणते.

१३ ऑक्टोबर, रविवार

सह्या पुऱ्या झाल्या हे सांगायला रीसना फोन केला. डॅनटनी काय पाहिलं तेही भडाभडा सांगितलं. मग रीस म्हणाले, "सिरिलनं पाहिलं? अगं, तो बाँब टाकणारा. विमानाच्या नाकात पालथा पडलेला असायचा, उडी मारायचं झाकण त्याच्याच पोटाखाली. सगळ्यांत आधी तो बाहेर पडला. शेपटीकडे काय झालं ते त्याला कुठून दिसणार? पिमचं काय झालं ते आम्हा कुणालाच ठाऊक नाही."

आणि मला हे माहीत होतं! कोण कितवा उडी मारतो ते झोपेतून उठवलं तरी सांगेन मी. तिथे बसून मान डोलावत होते. त्या माणसानं किटली खाली ठेवली, आईचा चेहरा पाहिला आणि तेवढ्या वेळात सगळं रचलं. पापणीही हलली नाही त्यांची.

कसंबसं म्हटलं, "मिस्टर रीस, हे माझ्या आईला कधी सांगू नका."

"काय सांगू नको?" रीस म्हणाले. "सिरिल म्हणतो तसंच झालं. मी तिथेच होतो ना."