गुणवंताची हॅट

३ जानेवारी
सुमेध सकाळीच टपकला. 'काउबॉय गुणवंता'चा चौथा भाग पौष संपायच्या आत उरकायचा म्हणतो. कारण घोडी. भाड्याने मिळते ती वरातीची, आणि पौषात वराती नसतात म्हणून मोकळी. मागच्या भागात पाठलाग चालू असताना कुणाच्या तरी मोबाइलवर बँडचं गाणं वाजलं आणि बाईसाहेब जागच्या जागी नाचायला लागल्या. डाकू पार पुढे, गुणवंता खोगिरावर, आणि घोडी ठुमकतेय. यूट्यूबवर लोकांना तेवढंच आवडलं.
हसलो. दादाचा पोरगा आहे, त्याच्यावर रागवून जाणार कुठे. ज्यात मी त्याची चित्रकथा काढायचो ते साप्ताहिक बंद पडल्यावर माझा गुणवंता मेल्यातच जमा होता. चित्रातला माणूस ह्या पुतण्यामुळे हलायला-बोलायला लागला, हे नाकारत नाही.

७ जानेवारी
वाळवंटाची पंचाईत. आधीचे भाग कारध्याला नदीच्या रेतीत झाले. आता धरणाचं पाणी इथवर चढलंय, रेती गेली तळाला. सुमेधने नवीन वाळवंट शोधलं: एका सेठच्या राइस मिलमागचे धानाच्या तुसाचे ढीग. कॅमेऱ्यात खरंच सोनेरी दिसतं. पण अंकुशच्या अंगाला तूस चावतं. गुणवंता करणारा हा पोरगा, जवाहरनगरात माझ्याच जुन्या फॅक्टरीत कंत्राटावर आहे. दिवसभर खाजवतो. खाजवणारा काउबॉय! असो.

१० जानेवारी
फुकट वाळवंट नव्हतंच ते. सेठला सिनेमात काम हवंय, भल्या जमीनदाराचं. इथपर्यंत ठीक. पण शेवटी गुणवंताने हॅट काढून त्याच्या पाया पडायचं, ही अट.
मी नाही म्हटलं.
"काका, दोन सेकंदाचा शॉट आहे."
"गुणवंता हॅट काढत नसतो."
"पण काहून?"
काहून म्हणे! इतक्या वर्षांत झोपेत काढली नाही, पुरात पोहताना काढली नाही. वाचक पत्रं टाकून विचारायचे, त्याला टक्कल आहे का हो? कधी उत्तर दिलं नाही. परक्यांनी विचारावं, समजू शकतो. आमच्याच घरातल्या पोराने?

११ जानेवारी
आज सांगितलं त्याला. आमच्या गावी, कोंढ्याला, मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या घरासमोरून जाताना बाबा मुंडासं काढून काखेत धरायचे. मालगुजारी गेली होती. बाबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. काढ म्हणणारंही कुणी उरलं नव्हतं. तरी ते दार आलं की हात आपोआप डोक्याकडे जायचा. मी आणि दादा मागून चालायचो. मला तो हात दिसायचा. लाज वाटायची, बाबांची नाही, म्हणजे बाबांचीही… गुणवंता पहिल्यांदा रेखाटला तेव्हा आधी हॅट आली कागदावर, माणूस नंतर.
सुमेधने ऐकलं. मोबाइल पालथा ठेवून ऐकलं. मग म्हणाला, "काका, गेले ते दिवस. आता कोण पाहते हे? सेठ तर आपल्या जयंतीच्या मिरवणुकीले पानी वाटते."
दिवस गेले तर सेठला पाय कशाला पुढे करायचेत? हे आत्ता लिहिताना सुचतंय. नेहमीचंच माझं.

१६ जानेवारी
शूटिंग. जायचं नव्हतं. मिलच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. सुशीलाने बायकोच्या हक्काने सुनावलं, "जाता कायले मंग? घरीच बसा ना."
संध्याकाळी अंकुश येऊन गेला. हसत सांगत होता, "काकाजी, सेठले कॅमेऱ्यात आपला चेहरा नीट दिसून नोहता राहिला. चार-पाच खेपा पाया पडलो मी." घोडी म्हणे आज शहाण्यासारखी उभी होती. चहा पाजून पाठवलं. त्याचा काय दोष.

८ फेब्रुवारी
मिलच्या आवारात पडदा लावून पहिला खेळ. कोंढ्याहून दादा आला होता. आम्हा दोघांना पुढे बसवलं. सुरुवातीलाच 'मूळ कल्पना' आणि खाली माझं पूर्ण नाव, हे एवढं मोठं. झोंबलं.
शेवटी हॅट निघाली. खाली अंकुशचे दाट केस, चापूनचोपून भांग. शिट्ट्याच शिट्ट्या. अख्ख्या सिनेमात इतक्या टाळ्या कशाला पडल्या नाहीत. शेजारी दादा वाजवत होता. बाबांच्या मागून माझ्यासोबत चालणारा दादा.
"पोराचं नाव झालं रे," म्हणाला, "तू काहून तोंड पाडून बसला?" डोळे भरले होते त्याचे, आनंदाने. भांडणार कसं? मला राग आला आणि तो ठेवायला जागा नाही. जेवण तसंच टाकून निघून आलो.

२० फेब्रुवारी
पाचव्या भागाची कथा मी लिहावी म्हणे. सेठचं काम कायम, पाया पडणंही कायम. लोकांना आवडलंय ना! "तुमी नाही लिहिली तर मी लिहीन काका. पन मले तुमच्यासारखं जमत नाही."
म्हणजे मी लिहिलं तर गुणवंता माझ्या हाताने वाकणार. नाही लिहिलं तर वाकणारच, वर संवादही भिकार.
सुशीलाजवळ कुरकुर केली. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचा गुनवंता कागदावर ताठ होता. फॅक्टरीत तुमी साहेबाले किती सलाम ठोकले, मले का मालूम नाही?"
खरं आहे. म्हणून तर तो तसा होता.

१ मार्च
सुमेधचा फोन, सेठ माझा सत्कार करायला निघालेत. माझ्याच घरी येऊन. शाल, श्रीफळ, फोटोवाला. नको म्हणेपर्यंत गाडी दारात.
सदरा बदलून येतो सांगून आतल्या खोलीत आलो. सदरा केव्हाच बदलला. हे लिहीत बसलोय. बाहेर चहा झाला, कप गोळा केल्याचा आवाज आला. दादाचाही आवाज येतोय. सुमेध कुणाला तरी सांगतोय, "काका जरा लाजते."
सुशीला दाराशी येऊन गेली. "अजी, या ना भाईर. मानसं उभी आहेत."
आताच खिडकीतून पाहिलं. सेठ शाल उघडून तयार आहे. बुटका आहे, माझ्या खांद्याला लागेल. मी वाकल्याशिवाय त्याचे हात पोचायचे नाहीत.
आता दादा हाक मारतोय.