गाय रिकामी नाई

माय, लिहिन्यात चुका होतीन, समजून घेजो. सातवीतच शाळा सुटली, अन् मोबाईलवर माहं बोट लय हळू चालते. कुर्म्यात बसून लिहून राह्यली. गावाबाहेरची हेच झोपडी, पाळीचे दिवस तू इथी काढत होती अन् मी दूर उभी राहून तुले हाका मारत होती. आता आतमध्ये मी आहो.

तुले सांगाचं राह्यलं, तू गेल्यावर मी गाईची सोनोग्राफी शिकली. दूध केंद्रावर डाक्टर येते, आमच्यासारख्या पोरापोरींले शिकवते. खांद्यापर्यंत मोजा घालाचा, गाईच्या मागून हात आत न्याचा अन् हातातली मशीनची कांडी गर्भाच्या पिशवीवर धराची. पडद्यावर पानी काळं दिसते, हाड पांढरं. चारचौघात मले बोलता येत नाई, पन हे येते. आज परीक्षा होती. पास झाली असती त मशीन माह्याकडे राह्यली असती, गावोगाव फिरता आलं असतं. पन काल पाळी आली. कुर्म्यातल्या बाईनं हात लावला त गाय गाभडते, पोटातलं पडते, असं बा म्हनते. काकीनं डाक्टरले सांगतलं, "तिले ताप आहे जी."

गाय अडकवाचा खोडा मोहाच्या झाडाखाली रोवला होता, इथून सारं ऐकू येते. माह्या जागी पाटलाचा पोरगा उभा राह्यला. लोक हासून राह्यले होते, "अबे, शर्ट काढ पह्यले, धुवाले बायको नाई तुले." मंग आपली लाल गाय आनली. तो लगेच म्हनला, "रिकामी आहे." बा म्हनला, "मंग ठेवून काय करू, शुक्रवारच्या बाजारात नेतो."

माय, ती रिकामी नाई. मागच्या खेपेले डाक्टर चहा पेत होता तवा मी तिले पाह्यलं होतं. काळ्या पान्यात पांढरा दाना, लुकलुक करून राह्यला होता. कोनाले सांगतलं नाई. लहानपनी मी शेजारनीले सांगून बसली होती, आमची गाय गाभन आहे म्हनून. तवा तू चुलीपुढून उठून माही वेनी धरली. "पोट दिसल्याशिवाय बोलाचं नाई, नजर लागते." मंग मी रडली त गुळाचा खडा देल्ला. ते डोक्यात बसलं ते बसलंच.

आज मी वरडली. जल्मात पह्यल्यांदा. "बा, पुन्हा पाहाले लाव. हात आनखी आत घाल म्हना त्याले."

डाक्टर म्हनला, "कोण बोललं?"

बा म्हनला, "कोनी नाई जी."

मंग दुसऱ्याची गाय आनली. संध्याकाळी काकी भाकर ठेवाले आली, हळूच म्हनली, "इथून मान्साईले आवाज देत नसते पोरी." मी म्हनली, "काकी, बाले सांग, गाय गाभन आहे." "तूच सांगजो, बाहेर आल्यावर." बाजार शुक्रवारी आहे. मी शनिवारी बाहेर येतो.

हे पाठवाचं कुठी, तुयापाशी कधी मोबाईल नोयताच. एक सांगतो. या झोपडीले कडी नाई, दार नुसतं टेकवलेलं आहे. डाक्टरची गाडी जाईपर्यंत मी दारालेच हात लावून बसली होती. उठली नाई.

आपला धाकटा सायकल शिकला. हात सोडून चालवते.