तारप्याला पाठ

बा, तुझा तारपा अजून माझ्या बोईसरच्या खोलीत खुंटीला आहे. भोपळ्याला चीर गेलीय, ताडाच्या पानांचा कर्णा सुनेच्या झाडूनं एकदा वाकला, पण आहे. काल नात विचारत होती, हे फुंकायचं कसं. सांगायला गेले आणि कंपनीचा तो वर्धापनदिन आठवला. हसू आलं, आणि लाजही वाटली.

मी तेव्हा कुंभवलीजवळच्या कारखान्यात पॅकिंगला, टेंपररी. मॅनेजर म्हणाला, मोठे साहेब येणार, तुमच्या गावचा नाच आण. मला वाटलं, नाच रंगला की मी पर्मनंट झालेच. तू कुरकुरलास, "तारपा भात कापल्यावरचा. चैताच्या उनात त्याच्या जोडाचं मेन पाघलतं." तरी आलास, लेकीसाठी. मी वीसदा बजावलं होतं, बा, नाचणाऱ्यांची तोंडं पाहुण्यांकडे हवीत. तू म्हणालास, "बरं." तुझं 'बरं' म्हणजे काय, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

नाच सुरू होतो. तू स्टेजवर मागे, पडद्याला टेकून. एकमेकांच्या कमरेत हात घातलेली बारा माणसं तुझ्याकडे तोंड करून नाचतात आणि पाहुण्यांना दिसतात नुसत्या पाठी. मॅनेजर माइकवर ओरडतो, "इकडे तोंड करा! इकडे!" तू थांबून शांतपणे म्हणतोस, "तारप्याला पाठ दावायची नाय, सायेब." मग जरा विचार करतोस, आणि तारपा फुंकत सरळ खाली उतरून मोठ्या साहेबांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहतोस. घ्या, आता तोंडं तुझ्याकडेही आणि पाहुण्यांकडेही! अख्खी रांग तुझ्यामागे उतरली, खुर्चीला वेढा घालून नाचायला लागली. साहेब निसटायला उठले, तर आपल्या काकीनं त्यांना तुझ्याकडे वळवलं आणि कमरेत हात घातला. एक बूट पायात, एक खुर्चीखाली, पण साहेबांची पावलं बरोबर पडत होती हो!

मॅनेजरचा चेहरा काळाठिक्कर. मला वाटलं, गेली नोकरी. साहेबांनी धापा टाकत विचारलं, "हा बाबा कोण?" मी सरबताचा ट्रे घेऊन शेजारीच. मीच म्हणाले, "काय की साहेब, असेल गावातला कुणीतरी." आणि ट्रे घेऊन वळले. मागून मॅनेजर तुला विचारत होता, "ही पोरगी तुमची कोण?" तू जराही न अडखळता म्हणालास, "गावातली असंल कुनीतरी."

एसटीत तू मुद्दाम मागच्या सीटवर बसलास. उतरताना विचारलंस, "बाई, तुमी कोनच्या गावच्या?" पुढे मरेपर्यंत मला 'गावातली कुनीतरी' अशीच हाक मारायचास, जावयासमोरसुद्धा. मी चिडायचे. तू मात्र त्या दिवसावरून एकदाही रागावला नाहीस, मेल्या, एकदा रागवायचंस तरी!

पर्मनंट झाले ती दोन वर्षांनी, नाचाचा काही संबंध नाही. साहेब तर म्हणे जाताना विचारत होते, पुढच्या वर्षी तो बाबा येणार ना.

हे पत्र टाकणार कुठे? तारप्याच्या कर्ण्यात खोचून ठेवते. एवढंच कबूल करायचं होतं. त्या दिवशी तारप्याला कुणीच पाठ दाखवली नाही, बा, साहेबांनीसुद्धा नाही. दाखवली ती मी.