शेंदराखालची गाय

प्रिय कल्पना,

तुझ्या शिवणवर्गात या वर्षी अठरा मुली झाल्या, हे तुझ्या वहिनीकडून कळलं. फार बरं वाटलं. इकडे सगळं ठीक आहे. मागच्या तीन खोल्यांत लवळ्याच्या कॉलेजची मुलं भाड्याने राहतात. ती दहा वाजता डोळे चोळत बाहेर येऊन मला गुड मॉर्निंग म्हणतात, तोवर माझी देवळातली पूजा उरकून शेताला एक फेरीही झालेली असते. पोरं गुणी आहेत. पण आजची बातमी वेगळी आहे, आणि ती फोनवर सांगायला माझी जीभ वळली नसती. आपल्या भैरोबाने खोळ टाकली.

माघातल्या एका मंगळवारी मी देवाला स्नान घालत होतो. तांब्या खाली ठेवला आणि कोरड्या लाकडाला चीर जावी तसा आवाज आला. बघतो तर आपल्या अण्णांनी, आजोबांनी आणि त्यांच्याही आधीच्या गुरवांनी तेलात कालवून लावलेला सगळा शेंदूर, वीतभर जाडीचा, पुढे झुकला आणि माझ्या मांडीवर आला. मी त्याला धरून किती वेळ बसलो होतो कुणास ठाऊक. तान्ह्या मुलासारखा तो धरला होता. भीती वाटायला हवी होती, पण पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, की याचं वजन किती आहे.

भीती नंतर आली. जत्रा दोन महिन्यांवर, आणि गुरवाच्या हातून देव फुटला असा बोभाटा झाला तर? मी काय केलं ते वाचून तू हसशील. गाभाऱ्याला नवी घोंगडी बांधली आणि येईल त्याला सांगितलं, की देव तीन दिवस विश्रांतीला आहे. अशी काही रीत आपल्याकडे नाही, पण गावाने ती मुकाट मान्य केली. फक्त आपल्या देवस्थान कमिटीचे हैबतराव दारातून म्हणाले, “गुरवबुवा, देवाला सर्दी झालीया का? काढा पाठवू?” त्या तीन दिवसांत मी दोनदा शेंदूर कालवला आणि दोन्ही वेळा हात पुढे झाला नाही. कारण आतून जे निघालं होतं ते मी पाहिलं होतं.

आत कोरलेली शिळा आहे, कल्पना. कमरेएवढी उंच, तीन मजली घरासारखे तीन कप्पे. मला त्यातलं काही कळेना. चौथ्या दिवशी घोंगडी काढावीच लागली. त्याच दिवशी आपल्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई मुलांना घेऊन देवळाची चित्रं काढायला आल्या. हीना त्यांचं नाव, पौडच्या पीरमहंमद बांगडीवाल्यांची नात. त्या उंबऱ्याबाहेर बसून शिळेचं चित्र काढू लागल्या. अशा दगडाला वीरगळ म्हणतात, लढाईत पडलेल्या माणसासाठी तो उभारतात, एवढंच त्यांनी सांगितलं. पुढचं सगळं त्या विचारतच राहिल्या. “गुरवकाका, हे वरून खाली वाचायचं की खालून वर?” मी म्हटलं, दगड कुठे वाचतात का? त्या म्हणाल्या, “मग गोष्ट कुठून सुरू होते ते बघा.” मी जमिनीवर पालथा पडून बघितलं. सगळ्यात खाली गाई होत्या.

एका गाईच्या शिंगावर माझं बोट गेलं आणि मला उठवेना. हीनाबाईंना वाटलं, कंबर धरली.

मग गावच जमू लागलं. देव फुटला असं कुणी म्हणालं नाही, जो तो दगडात गोष्ट शोधू लागला. सगळ्यात छान वाचलं ते रत्नाबाईंनी. पंचाहत्तर वर्षांची बाई, जन्मात पाटी धरली नाही, पण उभी हयात गुरांमागे गेलेली. मुलं म्हणत होती, गाई चरतायत. रत्नाबाई म्हणाल्या, “चरत्यात व्हय? शेपट्या बघा की, वर हायेत. गुरं बुजल्यात. कुणीतरी हाकून न्यायला आलाय.” हीनाबाईंनी विचारलं, मग ही एकच गाय मागे वळून का उभी आहे? रत्नाबाईंनी पदराने दगड पुसला आणि म्हणाल्या, “ही त्याची सोताची हाय. मालक पडलाय न्हवं खाली. ती कशी जाईल?” तिथे खरंच एक माणूस आडवा पडलेला आहे, हातात ढाल. आम्हाला तोवर तो दिसलाच नव्हता.

मधल्या कप्प्यात दोन बायका त्याला धरून वर नेतात. सगळ्यात वर तो पिंडीसमोर हात जोडून बसला आहे, डोक्यावर चंद्र आणि सूर्य. ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या हात जोडले, तो स्वतःच हात जोडून बसलेला. मला वाटलं होतं, हे कळल्यावर माझी पूजा उणी होईल. तसं झालं नाही. आता दिवा लावताना वाटतं, आम्ही दोघं मिळूनच लावतोय.

आणि जत्रेला गाई देवासमोर उभ्या करण्याची आपली रीत आठवते ना? तू अण्णांना विचारायचीस, भैरोबाला गाई कशाला? अण्णा म्हणायचे, पद्धत आहे. आता गावात दोनच गाई उरल्यात. कमिटी म्हणतच होती की ही रीत बंद करावी, उगाच शेण पडतं. ज्याचं नाव कुणाला ठाऊक नाही त्याची आठवण दगडाने धरून ठेवली आणि गाईंनी चालवली. आपण मधे नुसते उभे होतो.

परवा देवळात सभा झाली. हैबतरावांचं म्हणणं साधं होतं: जत्रेआधी पुन्हा शेंदूर चढवायचा, देव उघडा ठेवायचा नसतो. लोक माना डोलावत होते. मला वाटलं, गेलं सगळं. तेव्हा हीनाबाईंनी मागून विचारलं, “आबा, पहिल्यांदा शेंदूर कुणी लावला असेल?” हैबतराव म्हणाले, “ज्याला ठाव हुतं ह्यो कोण हाय, त्यानं. मानानं लावला असंल.” आणि बोलता बोलता त्यांनी कान खाजवला. “म्हंजी त्याला ठाव हुतं, आन लावता लावता आमी इसरलो.” मग स्वतःच ठरवून टाकलं: वर चंद्रसूर्याला तेवढा टिळा, बाकी शिळा उघडी. आणि गाई येणारच, शेण हैबतराव स्वतः उचलणार. या शेवटच्या कलमावर टाळ्या पडल्या.

त्या गडबडीत रत्नाबाई म्हणाल्या, “आरं नरहरी, तुझी भईन म्हणत हुती की ल्हानपणी, देवाच्या पायाशी गाय हाय म्हणून. आन आपण तिला येडी म्हणायचो.” सगळे हसले, कौतुकाने हसले. मीही हसलो. तेव्हाच ठरवलं, की हे पत्र लिहायचं.

तू आठ वर्षांची होतीस, मी अकरा. खालच्या कोपऱ्यात थर पातळ होता, तिथला शेंदूर तू करवंटीने खरवडलास, अण्णांना जाऊन सांगितलंस, आणि त्यांनी मला विचारलं, “काय दिसतंय का रे तितं?” मी पाहून आलो आणि नाही म्हणालो. संध्याकाळच्या आत त्यांनी तिथे नवा हात फिरवला. तुला मार बसला, खोटारडी हे नाव बसलं, आणि त्यानंतर तू कधी काही विचारलंच नाहीस. लग्न झाल्यावर जत्रेलाही आली नाहीस, दरवर्षी लग्नसराईच्या कपड्यांचं कारण. मी ते कारण अडतीस वर्षं जपून वापरलं. कल्पना, मला दिसलं होतं. शिंग दिसलं होतं, डोळाही दिसला होता. मार मलाही बसेल एवढ्याच भीतीने नाही म्हणालो. सभेत हे सांगू शकलो असतो, पण ते आधी तुला कळायला हवं. जत्रा चैत्री पौर्णिमेला आहे. वर्ग चार दिवस बंद ठेव. आलीस की दोघं देवळात जाऊ, आणि गाव जमलेलं असताना मी हे मोठ्याने सांगेन. तू फक्त शेजारी उभी राहा.

तुझाच दादा,
नरहरी