बोंबील घरातच राहणार

सम्यक,

रात्रपाळी करून आलास म्हणून उठवलं नाही. आपला बोंबील कुठेही जात नाही. श्रीवर्धनच्या मित्राला फोन कर आणि कुत्रा देणार नाही म्हणून सांग.

काल तुझ्या बाबांना मुद्दाम वॉशिंग मशीनच्या दुकानात नेलं. दुकानदार नुसते रंग आणि बटणं दाखवत होता. मी म्हटलं, "भाऊ, घरात कुत्रा आहे, मांजर आहे. कपड्यांवरचे केस जातात कुठे, तेवढं दाखवा." मग त्याने एकेका मशीनचं वरचं झाकण उघडलं. एकीत केस अडवायला दोन मोठ्या जाळ्या होत्या आणि ती पाणीही भरपूर घेत होती. तीच घेतली.

सकाळी माणूस येऊन मशीन बसवून गेला. बाबांच्या ज्या पांढऱ्या शर्टावरच्या कुत्र्याच्या केसांवरून तुम्हा दोघांचं भांडण झालं, तोच मी आधी टाकला. जाळीत केसांचा गोळा निघाला! वाळल्यावर बाबांनी शर्ट उन्हात धरून उलटासुलटा बघितला आणि म्हणाले, "एक केस न्हाय. राहू दे त्या कुत्र्याला."

तोच शर्ट घालून ते माझ्याबरोबर विहारात निघालेत. कालवण झाकून ठेवलंय. मशीन लावण्याआधी आत मांजर नाही ना, बघ.

आणि एक सांगते. ते 'राहू दे' बाबा तुझ्या दाराशी उभे राहून, चांगले ओरडून तीनदा बोलले. तू घोरत होतास.

आई